आईचं वय अडुसष्ट

“आईचं वय?”

“अठ्ठ्याहत्तर.”

“तुमचं?”

“एकोणतीस.”

तिचं पेन थबकलं. गेल्या तीन दिवसांत तिनं चारशेच्या वर कुटुंबं लिहून काढली होती आणि बोटांना पेनाचे वळ पडले होते. पण वजाबाकी तिच्या डोक्यात आपोआप व्हायची, त्याला तिचा इलाज नव्हता. तिनं मान वर केली.

“म्हणजे एकोणपन्नासाव्या वर्षी झालात तुम्ही?”

समोरच्या तरुणानं आधी शेजारच्या बाकावर बसलेल्या म्हातारीकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं.

“उशिराच झालो,” तो म्हणाला. “तेव्हापासून सगळीकडे उशिराच पोचतो. बघा ना, तुमच्या रांगेतसुद्धा शेवटचा.”

हसू आवरायला तिला खोकल्याचं निमित्त करावं लागलं. सबंध दिवसात त्या खोलीत कुणी असं काही बोललं नव्हतं.

खोली म्हणजे शाळेची प्रयोगशाळा. नदीपलीकडे लढाई पेटल्यापासून शाळा बंद होती आणि वर्गावर्गांतून माणसं राहत होती. प्रयोगशाळेत तीन टेबलं मांडून नोंदणी चालायची. कुटुंबाला एक कार्ड, कार्डावर माणसं किती ते, आणि त्या हिशेबानं तांदूळ, डाळ, तेल, साबण. कुटुंबं वर्गात राहायची. एकटे पुरुष गिरणीच्या गोदामात. आणि ज्यांचं मागेपुढे कुणी नाही अशा म्हाताऱ्यांना मंगळवारच्या बसनं दुसऱ्या गावच्या केंद्रात पाठवायचं, हा नियम. तिथे म्हणे खाटा होत्या. पण दर मंगळवारी बस सुटताना खिडक्यांमधून जे चेहरे दिसायचे, ते तिला घरी जेवताना आठवायचे.

तिनं पुन्हा म्हातारीकडे पाहिलं. म्हातारी शांत बसली होती, मात्र तिच्या मुठीत त्या तरुणाच्या शर्टाची बाही घट्ट धरलेली होती. इतकी घट्ट, की कापडाला चुण्या पडल्या होत्या.

काही कळायच्या आत पेन खाली गेलं आणि रकान्यात आकडा उमटला. अडुसष्ट.

“अडुसष्ट लिहिलंय,” ती हळूच म्हणाली. “कागदावर तरी जरा तरुण दिसू देत आई.”

त्यानं रकान्यात डोकावून पाहिलं. मग म्हातारीच्या कानाशी वाकून म्हणाला, “आई, ऐकलंस? दहा वर्षं गेली तुझी.”

“गेली तर जाऊ देत,” म्हातारी म्हणाली. “जाताना गुडघे पण घेऊन गेली असती तर बरं झालं असतं.”

कार्ड घेऊन तो दारापर्यंत गेला आणि परत आला.

“एक सांगू? लिहिताना तुम्ही उजवा डोळा बारीक करता. नंबर वाढलाय तुमचा.”

“तुम्हाला काय माहीत?”

“चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचो मी. म्हणजे… दुकान होतं तेव्हा.”

तो गेला. दुसऱ्या दिवशीची पहिली दोन कार्डं लिहिताना ती दोन्ही डोळे सताड उघडे ठेवून बसली होती.

\*

आठवडाभरात अख्ख्या शाळेत तो ‘चष्मेवाला’ झाला. घरदार सोडून पळताना माणसं काय काय विसरतात, पण चष्मा नाकावरच असतो; फक्त वाटेत तो तुटतो. कुणाची काडी मोडलेली, कुणाची काच तडकलेली. हा व्हरांड्यात बसायचा, मांडीवर फडकं, त्यावर एवढासा पेचकस आणि तारेचं भेंडोळं. शेजारी भिंतीला टेकून म्हातारी. ती गिऱ्हाइकांना शिस्त लावायची. “ए, तू नंतर आलास. ही बाई आधी.”

तीन नंबरच्या ताईंना, म्हणजे तिला, पाण्याच्या नळाकडे जाताना त्या व्हरांड्यावरूनच जावं लागायचं. दुसरी वाट होती, जवळचीही होती. पण तिकडे चिखल असतो, असं तिनं स्वतःला सांगून टाकलं होतं.

“काढा,” एक दिवस तो म्हणाला.

“काय?”

“चष्मा. डावीकडे कलतोय. चार दिवस बघतोय मी, आता बघवत नाही.”

“चार दिवस माझ्याकडे बघताय?”

“चष्म्याकडे,” तो घाईनं म्हणाला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

म्हातारी भिंतीकडे तोंड करून गालात हसली.

चष्मा काढला तशी शाळा, मैदान, माणसं सगळं विरघळून गेलं. पावसाची भुरभुर चालू होती, ती फक्त पत्र्यावर ऐकू येत होती. त्याच्या हातांची हालचाल तेवढी जाणवत होती… काडी किंचित वाकवली, काचेवर फुंकर, शर्टाच्या टोकानं पुसणं, पुन्हा फुंकर. मग त्यानं चष्मा स्वतःच तिच्या नाकावर ठेवला, बोट कुठेही लागू न देता. आणि जग परत जागेवर आलं तेव्हा त्यात सगळ्यात पहिला, सगळ्यात ठळक, त्याचा चेहरा होता.

“बरं दिसतंय?”

“ठीक आहे,” ती म्हणाली आणि बादली तिथेच विसरून टेबलाकडे निघून गेली.

\*

पुढच्या गुरुवारी म्हातारीनं तिला जवळ बसवून घेतलं. चष्मेवाला तांदळाच्या रांगेत होता.

“तुला म्हणून सांगते, कुणाला बोलू नकोस. हा माझा कुणी नाही.”

“म्हणजे?”

“आमच्या गल्लीतली सगळी निघून गेली. मी बसथांब्यावर पेटी घेऊन बसले होते. बस कसली यायची! हा तिकडून चालत आला. म्हणाला, आजी, बस बंद झाल्यात. मी म्हटलं, मग मी बसते, तू जा. तर गेला नाही. दीड दिवस पाठीवर घेऊन चालला गं मला. पेटी टाकली, मला नाही टाकलं.”

संशय वेगळा आणि माहीत असणं वेगळं. खोटं कार्ड सापडलं तर नुसतं ते कार्ड रद्द होत नसे. ज्या टेबलावर ते लिहिलं गेलं, त्या टेबलाची सगळी कार्डं फेरतपासणीला जायची आणि तोवर त्या कुटुंबांचं धान्य बंद. चारशे कुटुंबं. त्यात बाळंतिणी होत्या.

चार वाजता टेबलं बंद झाली तशी ती त्याला शोधत मागच्या पायऱ्यांवर गेली.

“तुम्ही माझ्याकडून खोटं लिहून घेतलंत.”

त्यानं हातातली तार खाली ठेवली. “मी खरं वय सांगितलं होतं. अडुसष्ट तुम्ही लिहिलंत.”

“मी? मी तुमच्यासाठी…” ती अडखळली. “आईंसाठी लिहिलं. त्या तुमच्या आई आहेत असं समजून!”

“समजून?” तो तिच्याकडे रोखून बघत म्हणाला. “एकोणपन्नासाची वजाबाकी तुम्हीच केलीत, ताई, आणि वर खोकलात. मी काचा घासणारा माणूस आहे, डोळ्यांतलं मला दिसतं. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं.”

ते खरं होतं, आणि याचाच तिला जास्त राग आला.

“मग आता काय करायचं?” ती शेवटी म्हणाली.

“खरं सांगायचं असेल तर सांगा. मी गोदामात जाईन, त्या बसमध्ये बसतील.” त्यानं तार पुन्हा उचलली. “रात्री झोपेत त्या माझी बाही चाचपतात. सोडून गेलो की काय, म्हणून. तेवढं फक्त त्या केंद्रातल्या लोकांना लिहून कळवा.”

कुठूनतरी नदीपलीकडून धप्प असा आवाज आला, मग आणखी एक. दोघांनीही त्या दिशेला बघितलं नाही.

“लहानपणी तुम्हाला काय आजार झाला होता?” तिनं विचारलं.

“आँ?”

“पुढच्या सोमवारी मुख्य कार्यालयातून तपासणीच्या बाई येताहेत. एका कार्डावरच्या दोघांना वेगवेगळं बसवून तेच दहा प्रश्न विचारतात. उत्तरं जुळली पाहिजेत. तुमची एक तरी जुळेल का?”

त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळत गेलं. “कांजिण्या,” तो म्हणाला.

“आईंना विचारून सांगा. तुमच्या उशाशी त्या बसल्या होत्या ना.”

\*

मग रोज चार ते पाच त्या पायऱ्यांवर शिकवणी सुरू झाली. शिकवणारी एक, विद्यार्थी दोन, आणि त्यातला एक विद्यार्थी भलताच वांड. तो म्हणजे म्हातारी.

“कांजिण्या नाही, गोवर.”

“आई, मला कांजिण्या झाल्या होत्या. हा बघ व्रण.”

“तो व्रण तुतीच्या झाडावरून पडलास त्याचा.”

“मी जन्मात झाडावर चढलो नाही!”

“आता चढलास,” म्हातारी म्हणाली. “ताई, लिहून घे. सात वर्षांचा होता. शर्ट जांभळा करून आला, वर रक्त. मला आधी कळेचना, तुती कुठली आणि रक्त कुठलं.”

ती हसत होती. हसता हसता तिचं लक्ष म्हातारीच्या हातांकडे गेलं. ते हात हवेत एका छोट्या डोक्याच्या उंचीवर थांबले होते.

“आई,” तिनं हळूच विचारलं, “हे… कुणाचं?”

“होता एक,” म्हातारी म्हणाली. “त्याला आठवं लागलंच नाही.”

मग चष्मेवाल्यानं विचारलं, अगदी साधेपणानं, “कुठे लागलं होतं गं मला?”

“इथे.” म्हातारीनं त्याच्या भुवईच्या वर बोट टेकवलं.

“टाके पडले?”

“तीन. रडला नाहीस मात्र.”

“रडलो असेन. तू बाहेर होतीस.”

“असेलही,” म्हातारी म्हणाली आणि पदराआड डोळे पुसत राहिली.

त्या संध्याकाळी घरी जाताना तिच्या लक्षात आलं, की आपण वाटभर त्याचंच बोलणं मनात घोळवत आलो. घरी वहिनीनं दार उघडलं, आठव्या महिन्याचं पोट सावरत. दादाची बदली दूर होती. घरात या दोघीच.

“टेबलं चारला बंद होतात ना? मग सहा कसे वाजतात?”

“शिकवणी असते.”

“कसली?”

“इतिहासाची,” ती म्हणाली. ते तसं खोटंही नव्हतं.

“हं,” वहिनी म्हणाली. “इतिहासाचे मास्तर दिसायला बरे आहेत वाटतं.”

“वहिनी!”

“अगं, मी काहीच म्हटलं नाही. तूच लाल झालीस.”

रविवारी शेवटची उजळणी झाली. दहाच्या दहा उत्तरं जुळली. म्हातारी झोपायला गेली, तरी ती दोघं पायऱ्यांवर बसून राहिली. पाच वाजून गेले होते.

“उद्यानंतर शिकवणी बंद?” त्यानं विचारलं.

“पास झालात तर बंदच.”

“मग नापास व्हायचा मोह होतोय.”

“असले विनोद करू नका. मला झोप लागत नाही सध्या.”

“मलाही,” तो म्हणाला. “पण माझं कारण… वेगळं असावं.”

तिनं कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, आणि सोमवार अजून यायचा होता.

\*

तपासणीच्या बाई ठेंगण्या, पिकल्या केसांच्या, आवाजानं करड्या होत्या. माणसं कमी पडली, म्हणून त्यांनी नोंदणीच्या ताईंनाच उत्तरं लिहायला बसवलं आणि एकच अट घातली.

“तुम्ही फक्त लिहायचं. एक शब्द बोललात, नुसतं हुं जरी केलंत, तरी ते कार्ड रद्द. समजलं?”

तिनं मान हलवली. मान हलवणं चालतं की नाही, याचीही तिला धास्ती वाटली.

आधी म्हातारी. आजार? गोवर. व्रण? तुतीचं झाड, तीन टाके. मुलगा कुठल्या कुशीवर झोपतो? डाव्या. घडाघडा दहा उत्तरं झाली. तिनं श्वास सोडला.

“आता अकरावा,” बाई म्हणाल्या.

तिनं दहाव्याखाली रेघ मारूनही टाकली होती. अकरावा?

“हा नवीन आलाय. पुढच्या सहा महिन्यांत कुटुंबात कुणी वाढणार आहे का? बाळंतपण, लग्न वगैरे?”

“हो तर,” म्हातारी म्हणाली. “सून येतेय.”

“अस्सं? कुठली मुलगी?”

“ही काय, लिहितेय ती.”

प्रयोगशाळेतल्या नळातून टप… टप… पाणी पडत होतं. बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. तिनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

“लिहा, ताई,” बाई म्हणाल्या. “जे सांगितलं ते लिहा.”

तिनं लिहिलं. स्वतःच्या लग्नाची बातमी तिनं स्वतःच्या हातानं, सरकारी रकान्यात, अक्षर न हलू देता लिहिली. मग म्हातारी बाहेर गेली आणि तो आत आला.

गोवर. तुती. डावी कूस. दहा झाले.

“अकरावा. पुढच्या सहा महिन्यांत घरात कुणी वाढणार आहे का? लग्न वगैरे?”

त्यानं भुवईवरचा व्रण चोळला. ती कागदावर डोळे खिळवून बसली. वर पाहिलं तर खूण केली असं होईल. नाही म्हणाला तर उत्तर जुळणार नाही, उद्या मंगळवार. हो म्हणाला आणि भलतंच नाव घेतलं, तर… त्या ‘तर’चा तिला बसपेक्षाही जास्त धाक वाटला, आणि हे जाणवून तिला स्वतःचीच लाज वाटली.

“माझ्या मनात आहे,” तो शेवटी म्हणाला. “पण तिला अजून विचारलेलं नाही.”

“ती कोण?”

“तिला विचारायच्या आधी तुम्हाला कसं सांगू, बाई? बरं दिसत नाही ते.”

“आईंना ठाऊक आहे?”

“मी सांगितलेलं नाही. पण तिच्यापासून काही लपत नाही.”

“मग विचारून टाका तिला आणि दुपारपर्यंत येऊन सांगा.”

“आत्ताच विचारलं असतं,” तो म्हणाला, “पण तुम्ही तिला बोलायची बंदी केलीय.”

बाईंच्या ओठांचा एक कोपरा हलला. त्यांनी कार्ड जवळ ओढलं, दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवली आणि शिक्का उचलला. “जुळतंय सगळं,” त्या म्हणाल्या.

शिक्का खाली येणार, एवढ्यात तिला ते दोन आकडे दिसले. अडुसष्ट. अक्षर तिचंच. हा शिक्का बसला की खोटं खरं होणार. आणि उद्या कुणी ते उकरलं, तर तिच्या टेबलावरची चारशे घरं उपाशी बसणार. इतके दिवस तिची झोप कशानं उडाली होती, ते तिला आत्ता लख्ख कळलं.

“थांबा,” ती म्हणाली.

तो दचकून तिच्याकडे वळला. बाईंचा हात वरच राहिला.

“कार्ड रद्द होतंय, ताई. विचार करून बोला.”

“आईंचं वय अठ्ठ्याहत्तर आहे. यांनी खरं सांगितलं होतं, अडुसष्ट मी लिहिलं. त्या यांच्या आई नाहीत. बसथांब्यावर भेटल्या. पण यांनी त्यांना दीड दिवस पाठीवर आणलंय, आणि रोज आधी त्यांचं ताट वाढतात, मग स्वतःचं. चूक माझ्या टेबलाची नाही, माझी एकटीची आहे. बाकीची कार्डं खरी आहेत. वाटल्यास मला काढा. त्यांना बसमध्ये नका बसवू.”

तो उभाच होता, हात लोंबकळत.

बाईंनी शिक्का खाली ठेवला. आपल्या पिशवीतून एक कोरा फॉर्म काढला आणि उलटा करून तिच्यापुढे सरकवला. “वाचा.”

“मागे… मागेही छापलेलं असतं?”

“मूळ फॉर्म दोन बाजूंचाच आहे. इथे प्रती काढताना कुणीतरी एकच बाजू काढली. सहा केंद्रं फिरले, सगळीकडे हाच घोळ. वाचा, मोठ्यानं.”

तिनं वाचलं. “कुटुंब म्हणजे… एकत्र राहणारी आणि एकत्र जेवणारी माणसं. रक्ताचं नातं असलंच पाहिजे असं नाही.”

दर मंगळवारच्या त्या खिडक्या तिच्या डोळ्यांपुढून गेल्या. त्यांतल्या कितीतरी जणांचं इथे कुणीतरी होतं.

“बसचं मी आजच बघते. गेलेल्यांची यादी काढून ठेवा, विचारून परत आणू,” बाई म्हणाल्या. त्यांनी अडुसष्ट खोडून अठ्ठ्याहत्तर केलं, बाजूला सही केली. “नवं कार्ड एक नंबरचं टेबल देईल. तुमची बाकीची मी स्वतः बघेन, तोवर धान्य चालू राहील. पण तुम्ही आकडा बदललात, ताई. नोंदणीवर तुम्हाला ठेवता येणार नाही. उद्यापासून साबणाच्या कोठीत.”

“हो,” ती म्हणाली. 

\*

बाहेर ऊन पडलं होतं. पाण्याच्या नळापाशी नेहमीची रांग, बादल्यांचा खणखणाट. तो तिच्या मागोमाग आला, दोन हात अंतर ठेवून.

“माझ्यामुळे तुमचं टेबल गेलं.”

“माझ्यामुळे गेलं. आणि मला आज झोप लागेल.”

“मग ते… अकराव्याचं…”

“काय त्याचं?”

“तुमचं उत्तर काय?”

“अहो, आधी विचाराल की नाही? आईंनी परस्पर ठरवलं, तुम्ही बाईंना सांगितलंत, मी लिहून दिलं. मला कुणी विचारलंच नाहीये अजून!”

मग पुटपुटत, पायांतल्या चपलेकडे बघत, त्यानं विचारलं.

“काय म्हणतोय?” वरून आवाज आला. वर्गाच्या खिडकीत म्हातारी होती, गजांना धरून. “अरे, मोठ्यानं विचार! मला ऐकू येत नाही!”

“आई, तुला नाही विचारत मी!”

“मग कुणाला? तिलाही ऐकू आलेलं दिसत नाही.”

नळावरचा खणखणाट थांबला होता. चाळीसएक माणसं मान वळवून बघत होती. तिनंच कार्डं लिहून दिलेली माणसं.

“माझ्याशी लग्न कराल का?” तो ओरडला. आणि त्याच क्षणी पलीकडून धप्प असा आवाज आला, शाळेची तावदानं थरथरली.

रांगेतली माणसं एरवी त्या आवाजाला खाली बसायची. त्या दिवशी कुणी बसलं नाही. सगळी तिच्या तोंडाकडे बघत होती.

“हो!” ती ओरडली, तोफेपेक्षा मोठ्यानं.

ती माणसं नंतर पांगली. लढाई थांबली, जो तो आपापल्या वाटेनं गेला. कुणी परत गावी, कुणी आणखी लांब. त्या रांगेतलं एकही माणूस तिला पुढे कधी भेटलं नाही. वर्गांत पुन्हा बाकं आली. म्हातारी त्यांच्या घरात आणखी सहा वर्षं जगली आणि शेवटपर्यंत दोघांनाही आपलंच म्हणणं ऐकायला लावत राहिली.

तरी अजून कधी दुपारी मुलीला निजवून ती खिडकीशी बसते, आणि तिला उगाच वाटतं, या घटकेला कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी नळावर, एखादी बाई बादली भरता भरता शेजारणीला सांगत असेल… आम्ही निर्वासितांच्या शाळेत होतो ना, तेव्हा एक पोरगी हो म्हणाली होती. अगं, काय ओरडली म्हणून सांगू!